रोजच्या वापरातली कमी किमतीची सायकल : काय टिकते, काय झिजते?

कामावर जाण्यायेण्यासाठी घेतलेली साधी, बिनगिअरची सायकल वर्षा-दोन वर्षांत खिळखिळी होते, असे अनेकांचे मत आहे. माझी सायकल नऊ वर्षे रोज १२ किलोमीटर चालली असून तिची फ्रेम, हँडल आणि पुढचे चाक अजून मूळचेच आहे. ज्यांनी अशी सायकल सलग काही वर्षे वापरली आहे, त्यांनी तिचे काय झिजले, कशामुळे झिजले आणि कोणत्या देखभालीचा खरोखर उपयोग झाला, हे आवर्जून लिहावे. सुरुवात मी करतो.

माझी चूक चेनच्या बाबतीत झाली. चेनच्या लगतच्या दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच असते, म्हणजे ताणून धरलेल्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरायला हव्यात. ही लांबी अर्धा सूत, म्हणजे १/१६ इंच, वाढली की चेन बदलावी. मी ती पूर्ण एक सूत वाढेपर्यंत वापरली. मग नवी चेन घातली, तर पॅडलवर जोर देताच ती घसरू लागली, कारण फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचे, दाते जुन्या, लांबलेल्या चेनच्या मापाने झिजले होते. शेवटी फ्रीव्हीलही बदलावे लागले. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी मी पट्टी लावून चेन मोजतो.

*

माझे नुकसान आवाजाकडे दुर्लक्ष केल्याने झाले. क्रँकच्या (पॅडल ज्याला जोडलेले असते त्या दांड्याच्या) प्रत्येक फेऱ्याला एकदा 'टक्' असा आवाज येत होता. क्रँकला मधल्या एक्सलवर (आसावर) जखडणारी कॉटर पिन सैल झाली होती, पण मी तशीच तीन आठवडे सायकल चालवली. पिन बाहेर काढली तेव्हा तिच्या सपाट बाजूवर नखाला लागेल एवढी पायरी पडलेली दिसली. नवी पिन बसवूनही महिनाभरात आवाज परत आला, कारण तोपर्यंत एक्सलची खाचही खराब झाली होती. पिन वेळीच ठोकून नट आवळला असता, तर एक्सल वाचला असता. जाता जाता सांगते, डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. ते उजव्यासारखे फिरवून जबरदस्तीने बसवले, तर क्रँकचेच आटे जातात.

*

हवेबद्दल थोडेसे. सायकल उभी असली तरी ट्यूबमधली हवा हळूहळू कमी होत राहते. माझ्या ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा पडत, तेव्हा मी काटा शोधत बसे. खरे कारण असे की, कमी हवेमुळे खड्ड्यात ट्यूब रिमच्या दोन्ही कडांखाली चिमटली जात होती. आता दर आठवड्याला टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेत हवा भरतो आणि असे पंक्चर बंद झाले आहे.

*

मी कॅरियरवर बरेच ओझे नेतो. दुसऱ्या वर्षी मागच्या चाकाच्या तारा एकामागून एक तुटू लागल्या, प्रत्येक वेळी हबजवळच्या (चाकाच्या मध्यभागाजवळच्या) वाकणातच. मला वाटले, तारा हलक्या प्रतीच्या असाव्यात. जाणत्या कारागिराने मात्र त्या बोटाने छेडून दाखवल्या : काही खणखणीत वाजत होत्या, काही अगदी मुक्या होत्या. सैल तार चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ढिली पडते, पुन्हा ताणली जाते आणि वाकणापाशी धातू थकून तुटते. शिवाय तिचा भार शेजारच्या तारांवर पडतो. त्यांनी चार तारा बदलल्या, सगळ्यांचा ताण सारखा केला आणि चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढला. त्यानंतर पाच वर्षांत एकही तार तुटलेली नाही. माझ्या मते नवी सायकल घेतल्यावर पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत तारांचा ताण तपासून घेणे हेच सर्वांत महत्त्वाचे काम आहे आणि तेच बहुतेक जण टाळतात.

*

वरील सर्व मान्य आहे, पण चेनला रोज तेल घालण्याची सवय मला घातक वाटते. बाहेर राहिलेल्या तेलाला धूळ चिकटते आणि तिचा घासणारा लेप होतो. प्रत्येक कडीवर एक थेंब टाकावा, पॅडल उलटे फिरवून तो आत जाऊ द्यावा आणि बाहेरचे तेल फडक्याने पुसून काढावे. हबवर जोराच्या फवाऱ्याने पाणी मारू नये, आतले ग्रीस धुऊन जाते. माझ्या मागच्या हबचे तसेच झाले. उघडला तेव्हा छर्रे तांबूस पडले होते आणि कोनवर (छर्रे ज्यावर फिरतात त्या शंकूसारख्या भागावर) बारीक खड्डे होते. कोन आणि छर्रे बदलून नवे ग्रीस भरले. हबमधली छर्ऱ्यांची वाटी सुदैवाने गुळगुळीत होती, त्यामुळे तोच हब आजही चालू आहे.