एन्झाइम ८५ अंशांत टिकलं म्हणजे गाईच्या पोटात चाललं, असं होत नाही

वाफवाला:
काल ‘प्रथिनकार’ यांनी छातीठोकपणे लिहिलं की लॅकेज (विष तोडणारं एक एन्झाइम) ८० अंशांवर तग धरतंय, आता ते गोळी पेंडीत घाला आणि अफलाटॉक्सिनचा, म्हणजे धान्यातल्या बुरशीच्या विषाचा, विषय संपवा. दोन ओळींत उत्तर देणार होतो, जमलं नाही.

गोळी पाडण्याआधी वाफ देणाऱ्या कंडिशनरमध्ये भरडा १२ टक्के ओलाव्यानं शिरतो, १५-१६ टक्क्यांनी बाहेर पडतो. तापमान ८० ते ८५, वेळ अर्धं ते एक मिनिट, पुढे गोळी पाडणाऱ्या डायच्या (साच्याच्या) भोकांतलं घर्षण आणखी थोडं चढवतं. कोरड्या भुकटीतलं प्रथिन ही उष्णता सोसतं. वाफेचं पाणी त्याच्यावर बसलं की उलगडतं. टेस्ट ट्यूबमधल्या बफरचा आकडा इथे जसाच्या तसा लावता येत नाही.

पण माझा खरा राग वेगळाच. लॅकेजला ऑक्सिजन लागतो. गोळीत ऑक्सिजन आहे, पण पाणी नाही. रुमेनमध्ये (गाईच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात) पाणी भरपूर, ऑक्सिजन जवळपास शून्य. मग ते काम करणार कधी, गाय रवंथ करताना?

प्रथिनकार:
टोमणा मान्य, निष्कर्ष नाही. लॅकेजचं नाव घेतलं कारण बॅसिलस जिवाणूच्या बीजाणूच्या कवचातलं कोट-ए हे लॅकेज मुळातच उष्णता सोसतं. सगळा डाव त्याच्यावर लावलेला नाही. झिअरॅलेनोन आणि फ्युमोनिसिन हीही बुरशीचीच विषं; पहिल्याला तोडणारं लॅक्टोनेज आणि दुसऱ्याला तोडणारं एस्टरेज, या दोन्ही एन्झाइमांना फक्त पाणी लागतं. एस्टरेज फ्युमोनिसिनच्या दोन्ही ट्रायकार्बॅलिलिक आम्लाच्या शेंड्या कापतं, आणि युरोपात ते पशुखाद्यात परवानगीनं वापरलं जातं. अडचण इतकीच की क्लोनोस्टॅकिस बुरशीचं मूळ लॅक्टोनेज पेलेटिंगची वाफ सोसत नाही. म्हणून तर प्रथिनाच्या साखळीतल्या सैल वळणात (लूपमध्ये) प्रोलीन हे ताठ अमिनो आम्ल बसवायचं, दोन सिस्टीन अमिनो आम्लं समोरासमोर आणून डायसल्फाइड बंध बांधायचा.

वाफवाला:
बांधा की. पण त्या लॅक्टोनेजला विषाच्या खोबणीवर झाकण आहे. लूप तिथली घट्ट केली तर झिअरॅलेनोन आत शिरेल कसं? ८५ अंशांना अभेद्य आणि कोंबडीच्या ४१ अंशांना सुस्त, असलं एन्झाइम घेऊन काय करायचं? शिवाय त्याआधी गिझार्डचं (कोंबडीच्या पोटाचं) आम्ल आहे. तुमच्या लॅक्टोनेजला अल्कधर्मी पीएच आवडतो.

सरकी_ढेप:
दोघांचंही चालू द्या, पण नमुना कसा काढता ते कुणी बोलेल का? शेंगदाण्याच्या एखाद्या दाण्यात दहा लाख पीपीबी (किलोमागे मायक्रोग्रॅम) अफलाटॉक्सिन निघू शकतं. दहा हजार चांगल्या दाण्यांत असा एक मिसळला तर सरासरी १०० पीपीबी. आता पोत्यात परखी (नमुना काढायची पोकळ सळई) खुपसून मूठभर माल काढा आणि ‘निल’ असा रिपोर्ट आणा! एन्झाइमनं ६० पीपीबीचं ५ झालं म्हणता, ते आधीचे ६० तरी खरे होते का?

बेंटोनाइट_बरा:
नमुन्याचं बरोबर आहे. म्हणूनच पेंडीत सरसकट बेंटोनाइट माती घाला. अफलाटॉक्सिनचा चपटा रेणू बेंटोनाइटच्या थरांत जाऊन बसतो. स्वस्त आणि सोपं, उष्णतेची भानगडच नाही.

प्रथिनकार:
आणि डॉन (डीऑक्सिनिव्हॅलेनॉल, आणखी एक बुरशीविष)? झिअरॅलेनोन? त्यांना ती माती नीट धरत नाही. फक्त अफलाटॉक्सिनची चूल पेटवून बाकीच्यांचं जेवण होणार नाही.

सरकी_ढेप:
नमुन्यावरून विषय पळवू नका! पूर्ण ट्रक पसरून, वेगवेगळ्या थरांतून पन्नासेक ठिकाणचा माल घेऊन, तो सगळा एकत्र बारीक दळून मगच दहा-वीस ग्रॅम घ्यायचे. दळायच्या आधी वाटणी केली की खेळ खलास. हे करायला अर्धा दिवस जातो, म्हणून कुणी करत नाही आणि नंतर ‘एन्झाइम चाललं नाही’ म्हणून बोंब मारतात.

बेंटोनाइट_बरा:
कोण पसरतो ट्रक, पावसाळ्यात? खरीप मका १८-२० टक्के ओलाव्यानं आडतीत येतो. १४ च्या खाली आणल्याशिवाय थप्पी लावू नये, एवढं पाळलं तरी निम्मं भांडण मिटतं.

दूधमोजणी:
वाळवणं, माती, एन्झाइम, काहीही करा, दुधाचा हिशेब मांडा. ५० पीपीबीची गोळी पेंड, गाय ६ किलो खाते, म्हणजे ३०० मायक्रोग्रॅम बी-१ (अफलाटॉक्सिनचा मुख्य प्रकार). त्यातलं २ टक्के एम-१ (गाईच्या शरीरात बदललेलं रूप) होऊन दुधात उतरलं तर ६ मायक्रोग्रॅम. गाय १० लिटर देत असेल तर लिटरला ०.६. आपली मर्यादा ०.५, युरोपची ०.०५. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) २० पीपीबीत बसलेली पेंडही युरोपच्या हिशेबात नापास.

प्रथिनकार:
मग आता तुम्हीच सांगा, अफलाटॉक्सिनसाठी एन्झाइम लागतंच ना? चुन्यानं अफलाटॉक्सिनच्या रेणूतलं लॅक्टोन वलय उघडतं, पण पोटाच्या आम्लात ते पुन्हा मिटतं. कायमचं तोडायचं तर रेणूवर दुसरीकडे घाव घालावा लागतो.

वाफवाला:
घाव घाला, फक्त तुटल्यावर काय उरलं तेही तपासा. झिअरॅलेनोनचं क्षपण होऊन अल्फा-झिअरॅलेनॉल झालं की संप्रेरकाचा त्रास वाढतो. एलायझा या विष मोजणाऱ्या चाचणीवर आकडा मात्र सुंदर उतरतो. बरं, लॅक्टोनेजचं पाण्याचं म्हणणं मान्य. पण मग उष्णतेसाठी एवढी रेणूकुस्ती कशाला? गोळी कूलरमध्ये थंड झाल्यावर तिच्यावर एन्झाइमचा द्रव फवारा. फायटेज हे खाद्यातलं एन्झाइम विकणारे हेच करतात.

प्रथिनकार:
छोट्या मिलमध्ये फवारणीचा पंप असतो का? नोझल तेलानं चोंदलं की अर्ध्या पोत्यांत दुप्पट, अर्ध्यांत शून्य. म्हणूनच मिक्सरमध्ये पडणारी, वाफ सोसणारी पूड हवी. तुमचीच अडचण सोडवतोय, साहेब.

सरकी_ढेप:
फवाराच, पण चाळणीनंतर. चुरा गोळीपेक्षा जास्त द्रव पितो. तो चाळून परत कंडिशनरमध्ये गेला की तुमचं महागडं एन्झाइम ८५ अंशांत पहिल्यांदा शिजतं. हे दोघांपैकी एकानंही लिहिलं नाही, आणि म्हणे विषय संपवा.