चाळ रिकामी व्हायच्या आत बाबांच्या गिरणीतल्या आठवणी रेकॉर्ड करायच्यात, कसं करू?

लालबागची_पोर:
आमची चाळ पाडणारेत, दोनेक महिन्यांत खोल्या रिकाम्या. बाबा साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायच्या खात्यात होते, १९८२ च्या संपापर्यंत. एरवी जेवताना काय काय सांगत असतात पण मी मोबाईल समोर धरला की एकदम गेटसभा सुरू, 'आम्ही कामगारांनी मुंबई घडवली' वगैरे, आणि पाच मिनिटांत खल्लास. चाळीतल्या पोरांना सगळ्यांचंच यूट्यूबवर टाकायचंय. कुणी केलंय का असं?

तिसरी_पाळी:
व्हिडिओ राहू दे आधी, नुसता आवाज घे. फोन फ्लाइट मोडवर, पंखा बंद, उकडलं तरी बंदच. आणि 'आठवणी सांगा' असं म्हणूच नकोस, हातात वस्तू दे. आमच्या आजोबांना मी त्यांचा गिरणीचा पास दिला तर फोटोतला शर्ट कुणाकडून मागून आणला होता तिथून जे सुरू झाले ते खानावळवालीची उधारी, संपात तिनेच कसं जेवायला घातलं, दीड तास! आईलाही बोलतं कर गं, संपात घर कुणी चालवलं ते तिलाच ठाऊक.

वडाळा_लोकल:
मूळ फाइल डिलीट करू नका, हात जोडतो. मी आजीचं दोन मिनिटांचं रील केलं, खाली म्युझिक टाकलं आणि जागा होत नाही म्हणून मूळ रेकॉर्डिंग उडवलं. आता आजी नाही, आणि त्या बासरीखाली तिचा आवाज धड ऐकूपण येत नाही. दोन ठिकाणी कॉपी ठेवा, एक घराबाहेर. आणि यूट्यूबवर टाकायच्या आधी त्यांना परत ऐकवा, कर्जाबिर्जाच्या गोष्टी चारचौघांत नको असतात.

बीडीडी_वाला:
एक विचारशील का, साचेखात्यात कोण होतं आणि कोण नव्हतं? धोट्यात (मागावर आडवा धागा नेतो तो) सुताची नवी कांडी घातली की धाग्याचं टोक तोंडाने ओढून काढायचे, त्या उष्ट्याच्या नावाखाली आमच्या दलित लोकांना विणकामात घेतच नसत, पगार तिथेच जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हे लावून धरलेलं. दहीहंडी, भजन, एकोपा सगळे सांगतात, हेही येऊ दे.

लालबागची_पोर:
धोटा आहे आमच्याकडे, माळ्यावर! काल काढून दिला, बाबांनी पुसला, उलटा केला आणि बोलता बोलता सरळ ओठांकडे नेला. मग स्वतःच थांबले आणि म्हणाले, 'रिंगखात्यातला (सूत कातायचं खातं) एक दोस्त होता माझा, त्याला हे कधी करू दिलं नाही.' फोन चार्जिंगला होता माझा. आज परत बसतोय.