प्राण्यांतला विषाणू माणसाकडे वळेल का, हे मॉडेलला आधी सांगता येईल?

मूळ धागा
प्राण्यांतील विषाणू नव्या यजमानाशी, म्हणजे ज्याच्या शरीरात तो वाढतो त्या प्राण्याशी, जुळवून घेईल का, याचा अंदाज मशीन लर्निंगने बांधण्याला रोगनिगराणीत मानाचे स्थान मिळायला हवे, असे माझे ठाम मत आहे, कारण या जुळवून घेण्याच्या खुणा विषाणूच्या जनुकीय क्रमातच उमटतात. पक्ष्यांच्या इन्फ्लुएंझा विषाणूत पीबी२ या, विषाणूच्या जनुकांच्या नकला काढणाऱ्या यंत्रणेतील प्रथिनाच्या ६२७व्या जागी सहसा ग्लुटामिक आम्ल असते. जनुकीय क्रमातल्या जीएजी या तीन अक्षरांचे एएजी झाले, म्हणजे एकच अक्षर बदलले, की तेथे लायसिन येते आणि नकला काढण्यासाठी पक्ष्यांच्या पेशीतील लांब एएनपी३२ए प्रथिनावर विसंबणारा विषाणू सस्तन प्राण्यांतील त्याच्या आखूड रूपावरही काम भागवू लागतो. एकटा बदल माणूस ओळखतो; अनेक बदल मिळून काय करतात, हे हजारो क्रम चाळणारे मॉडेलच पाहू शकते.

प्रतिसाद १
असहमत. मार्च २०२४मध्ये अमेरिकेत दुभत्या गायींत एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू आढळला, तेव्हा त्या गायींतील विषाणूत ६२७व्या जागी बहुतांशी जुने ग्लुटामिक आम्लच होते. बदल होता पीबी२च्याच ६३१व्या जागी, मेथिओनिनऐवजी ल्युसिन. मुळात कासेत हा विषाणू ठाण मांडेल, हे फारसे कोणी गृहीतच धरले नव्हते. गायींचे दूध एकाएकी घटले, घट्ट आणि पिवळसर येऊ लागले, म्हणून पशुवैद्यकांनी नमुने पाठवले आणि उलगडा झाला. भाकितापेक्षा निगराणीवर खर्च करा, असे विषाणू-संशोधक होम्स, रॅम्बो आणि अँडरसन यांनी २०१८मध्येच ‘नेचर’मध्ये मांडले होते, ते मला आजही पटते.

धागाकर्ता
गायींचा दाखला मान्य आहे, पण तो अर्धाच आहे. जनुकीय क्रमांच्या तुलनेवरून दिसते, की दूध घटल्याचे कोणाच्या लक्षात येण्याआधी काही महिने विषाणू गायींत शिरलेला होता. शिवाय मॉडेलने तारीख सांगावी, अशी माझी अपेक्षा नाही. शेकडो विषाणूंपैकी आधी कोणाची प्रयोगशाळेत तपासणी करावी, एवढा प्राधान्यक्रम लावून दिला तरी पुष्कळ आहे. मोलेन्त्झ, बाबायन आणि स्ट्रायकर या संशोधकांनी २०२१मध्ये ८६१ विषाणू-प्रजातींवर नेमके हेच करून पाहिले, आणि विषाणूंच्या एकमेकांशी असलेल्या निव्वळ नातेसंबंधांपलीकडची माहितीही जनुकसंचात सापडते, असे दाखवले.

प्रतिसाद २
मी विदेवर (डेटावर) काम करतो, म्हणून माझी हरकत वेगळी आहे. अशा विदेत ‘माणसाला होत नाही’ या खुणेचा खरा अर्थ ‘अजून आढळलेला नाही’ एवढाच असतो, आणि ज्या विषाणूवर जास्त संशोधन झाले, तोच जास्त धोकादायक दिसतो. चाचणीसाठी बाजूला ठेवलेला विषाणू शिकवणीतल्या विषाणूचा सख्खा भाऊ असेल, तर मॉडेल जुळवून घेण्याची प्रक्रिया शिकले की फक्त आडनाव ओळखू लागले, हे कळणार कसे? विषाणूंचे संपूर्ण कुळ शिकवणीतून वगळून घेतलेल्या चाचणीचा निकाल दाखवल्याशिवाय अचूकतेचे दावे मी तरी स्वीकारणार नाही. आणखी एक: पेशीत शिरणे वेगळे आणि माणसामाणसांत पसरणे वेगळे, बरीच मॉडेल पहिल्याच पायरीशी थांबतात.

धागाकर्ता
कुळ वगळून चाचणी घ्यावी, ही अट रास्त आहे. ती मी मान्य करतो.

प्रतिसाद १
मग त्या काही महिन्यांबद्दलही बोलू. त्या काळात गायींचे नमुने कोणी घेतच नव्हते, त्यामुळे मॉडेल कितीही चांगले असते, तरी त्यापुढे ठेवायला गायींतल्या विषाणूचा एकही क्रम नव्हता.