मदत हवी आहे: केगमध्ये गॅस मुरत असताना चव कधी आणि कशी बघायची?

नमस्कार मंडळी,

चाळीसगावात आमचं रसवंतीचं आणि थंड पेयांचं दुकान आहे. आप्पांनी उमेदीची वर्षं गोटी सोडा विकण्यात घालवली. यंदाच्या लग्नसराईत मला आलं-लिंबू सोडा थेट नळातून द्यायचा आहे. त्यासाठी १९ लिटरचा स्टीलचा जुना केग, म्हणजे दाबाखाली पेय साठवायचं बंद पिंप, घेतलाय. जोडीला खाण्यापिण्याच्या दर्जाच्या कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर, रेग्युलेटर आणि थर्मोस्टॅट लावलेला छोटा डीप फ्रीजर आहे.

या केगची माहिती शोधायला गेलं की जी मिळते ती बहुतेक घरी बिअर करणाऱ्या परदेशातल्या लोकांची. आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय बिअर करता येत नाही, तेव्हा तो माझा विषय नाही. पण केग तोच आणि गॅसही तोच. ते लोक ४ अंशांना १२ पीएसआय (हे दाब मोजायचं एकक) दाब लावतात आणि आठ-दहा दिवस वाट बघतात. तेवढ्यात एक लिटर बिअरमध्ये साधारण अडीच लिटर गॅस विरघळतो. सोडा नाकात झिणझिणायला हवा तर हे प्रमाण साडेतीन-चारपर्यंत न्यावं लागतं, म्हणून मी दाब ३० ठेवलाय. इथपर्यंत सगळं समजलं.

अडलंय ते चवीपाशी. नळ उघडला की आधी फुसफुसत पांढरा फेस येतो, अर्ध्याहून जास्त ग्लास त्यानेच भरतो. फेस बसल्यावर खाली दोन बोटं सरबत उरतं, आणि ते अगदी सपक. आप्पांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "यामा दम नही." पण लगेच दुसरा ग्लास भरला की तो बरा लागतो. सुरुवातीला गुळचट वाटणारा सोडा आता आंबटाकडे झुकलाय, लिंबू तर तेवढंच आहे. मग खरा ग्लास कोणता धरायचा? रोज चव बघितल्याने मुरलेला गॅस वाया जातो का? आणि सोडा तयार झाला हे जिभेशिवाय कळायचा काही मार्ग आहे का? आप्पांच्या हातच्या सोड्याचं गावात नाव होतं. त्या नावाखाली मिळमिळीत काही विकायची माझी तयारी नाही, म्हणून जाणकारांनी सविस्तर सांगावं.

प्रतिसाद

राम राम भाऊ. भुसावळला सोडा मशीन आणि चिलर दुरुस्तीचं काम करतो, म्हणून सांगतो.

पहिला ग्लास धरायचाच नाही. नळी फ्रीजरबाहेर आहे ना? आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्या नळीत थांबलेला सोडा तापतो, तापला की गॅस सोडतो, आणि तोच फेस होऊन बाहेर पडतो. गॅस फेसात गेल्यावर खाली सपकच उरणार. नळी शक्यतो आत गुंडाळून ठेवा, ग्लासही थंड घ्या, पहिला अर्धा कप ओतून द्या आणि मग चव बघा.

दुसरी गोष्ट नळीच्या लांबीची. बिअरवाले १२ पीएसआयला तीन मीटरच्या आसपास बारीक नळी लावतात. ३० पीएसआयला तेवढी पुरत नाही, सोडा पिचकारीसारखा सुटतो. ५ मिलिमीटर आतल्या व्यासाची आठ-नऊ मीटर नळी लावा, म्हणजे दाब वाटेत हळूहळू उतरतो. नाहीतर प्रवाह कमी-जास्त करता येणारा नळ घ्या.

आता केगच्या आत बघा. गॅस वरून शिरतो, सोडा मात्र तळाशी पोहोचलेल्या नळीतून वर येतो. केग न हलवता ठेवला तर वरच्या थरात गॅस आधी मुरतो, तळाला सगळ्यात शेवटी. म्हणजे सुरुवातीच्या दिवसांत तुमच्या ग्लासात येतो तो केगमधला सगळ्यात कच्चा सोडा. त्यावरून दाब वाढवत बसू नका, पुढे तो जास्त होतो.

चव बघून गॅस वाया जात नाही. सिलिंडर चालू असेल तर अर्धा कप काढला की तेवढी जागा नवा गॅस भरून काढतो. सिलिंडर बंद ठेवून मात्र वारंवार काढू नका. तेव्हा वरची मोकळी जागा वाढते, दाब उतरतो आणि सोड्यातला गॅस त्या जागेत निघून येतो.

आंबटपणाचं कारण लिंबू नाही. गॅस पाण्यात विरघळताना थोडं कार्बोनिक आम्ल तयार होतं, त्याची चव आंबट-तिखट. म्हणून गॅस पूर्ण मुरेपर्यंत साखर-लिंबाला हात लावू नका.

जिभेशिवायची परीक्षा सोपी आहे. केगवर दाब दाखवणारं वेगळं मीटर बसवा, गॅसची जोडणी काढा आणि काही तास थांबा. काटा खाली आला तर सोडा अजून गॅस ओढतोय. जागचा हलला नाही तर मुरला. पण ही परीक्षा घेण्याआधी झाकणाला आणि सगळ्या जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते बघा. गळती असली तरीही काटा उतरतोच.

धागाकर्ता

भाऊ, मनापासून आभार. नळी बाहेरच होती, आज आत घेतो. मीटरचंही करतो. एक शंका राहिली. दुपारी तीन-तीन तास वीज जाते, त्याने मुरलेला गॅस बिघडतो का?

प्रतिसाद

भरलेला केग एवढ्यात फार तापत नाही. झाकण उघडू नका आणि फ्रीजरवर ओलं गोणपाट टाका. पण मोठ्या लग्नात केग बाहेर मांडवात न्यायचा असेल तर बर्फाच्या टबात बुडवूनच ठेवा. ४ अंशांना ३० पीएसआयवर लिटरमागे चार लिटरच्या जवळ गॅस धरणारा सोडा २० अंशांना त्याच दाबावर पावणेतीनच्या आतबाहेरच धरतो, बाकीचा सगळा नळावर फेस होऊन जातो.

आल्याचा रस गाळून, एकदा उकळून, गार करूनच केगमध्ये घाला. कच्च्या आल्यावर नैसर्गिक यीस्ट असतं. साखर आणि उकाडा मिळाला की ते आंबवायला लागतं आणि केगमधला दाब आपोआप चढतो. झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह दर वेळी भरण्याआधी ओढून बघा. सिलिंडर बंद खोलीत ठेवू नका, हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साठतो. दुकानात शटरजवळ, हवा खेळती असेल तिथे उभं करा आणि साखळीने भिंतीला बांधा.