अल्बम अख्खा ऐकायचा की गाणं निवडून? (काकाची ट्रंक आणि तेवीस तबकड्या)

पडवीतला (धागाकर्ता)

काका बोटीवर होता. मालवाहू जहाजावर, इंजिनरूममध्ये. सुट्टीवर आला की चॉकलेटं, सेंटच्या बाटल्या आणि एलपी आणायचा. तो गेला, काकू मुलाकडे ठाण्याला गेली आणि गुहागरजवळच्या घराची किल्ली माझ्याकडे आली. यंदा आषाढात तीन आठवडे तिथूनच ऑफिसचं काम केलं. माळ्यावर ट्रंक सापडली, आत २३ तबकड्या. पाकिटांवर बुरशीचे नकाशे, पण तबकड्या शाबूत. डिस्टिल्ड पाण्याने पुसल्या, प्लेअर चिपळूणहून दुरुस्त करून आणला आणि स्वतःला नियम घालून घेतला: रोज संध्याकाळी एक, रविवारी दोन. दोन्ही बाजू, क्रमाने, मधलं काही गाळायचं नाही, मोबाइल माजघरात.

तीन आठवड्यांनी माझं ठाम मत झालंय. अल्बम अख्खाच ऐकावा. गाणी सुटी सुटी ऐकणं म्हणजे नारळ फोडून पाणी प्यायचं आणि खोबरं उकिरड्यावर टाकायचं.

उदाहरण देतो. पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’, १९७३. सुरुवात हृदयाच्या ठोक्यांनी, तेही आधी अगदी बारीक. बाहेर पागोळ्यांचा एवढा धडाका की सुई टेकली आहे की नाही हेच कळेना. मग एकदम सगळं अंगावर आलं. पहिली बाजू संपते ती क्लेअर टोरीच्या आवाजावर. शब्द एकही नाही, नुसता गळा. लहानपणी वाडीत कोणी गेलं की म्हाताऱ्या बायका हेल काढून रडायच्या, ते थेट आठवलं. पुढे काही ऐकू नये असं वाटत होतं, पण तबकडी उलटायला उठावं लागतंच. उठलो, उलटली, सुई ठेवली, तर खण्ण खण्ण गल्ल्याचा आवाज. ‘मनी’. मधलं ते उठण्याबसण्याचं अर्धं मिनिट मला त्या अल्बमचाच भाग वाटतं. मोबाइलवर ही दोन गाणी चिकटून येतात, रडणं संपायच्या आत पैसे मोजायला लागतात.

‘शिवकल्याण राजा’चं तसंच. हृदयनाथांचं संगीत, लताबाईंचा आवाज, राज्याभिषेकाला ३०० वर्षं झाली त्या १९७४ सालचा. शिवजयंतीला कर्ण्यावर आम्ही त्यातली दोनच गाणी ऐकत आलो, सात वीरांचं आणि भूषणाचं. तबकडीवर मध्ये मध्ये बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन आहे, रामदास आहेत, गोविंदाग्रजांची अंगाई आहे. त्या अंगाईनंतर सात जण घोडे फेकतात तेव्हा ते वीरगीत राहत नाही, कुणाची तरी पोरं जाताना दिसतात.

सगळंच आवडलं असंही नाही. बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ (१९६७) निम्माच पटला. दुसऱ्या बाजूच्या तोंडाशी जॉर्ज हॅरिसनचं दिलरुबा-तबल्याचं गाणं आहे, ते लागल्यावर मी उगाच संगीत स्पर्धेच्या परीक्षकासारखा ताठ बसलो. बोनी एम या डिस्को बँडच्या ‘नाइटफ्लाइट टू व्हीनस’मध्ये (१९७८) पहिलं गाणं न थांबता ‘रास्पुतिन’मध्ये घुसतं ते झकास, उरलेलं जत्रेतल्या पाळण्यासारखं, तिसऱ्या फेरीला मळमळतं.

तर, तुम्ही कसं ऐकता? आणि का?

---

सुई_अडकली

असहमत. क्रमाला तुम्ही देव्हाऱ्यात बसवलंय. जरा इतिहास बघू.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. लांबलचक काही विकायचं तर अशा चार-पाच तबकड्या पाकिटांच्या वहीत घालून विकत, फोटोंच्या अल्बमसारख्या. ‘अल्बम’ हे नाव तिथलं. १९४८ साली कोलंबियाने लाँग प्ले आणली आणि एका बाजूला वीसबावीस मिनिटं मिळाली. म्हणजे तुमचा ‘संपूर्ण अनुभव’ एवढा लांब का? तर खाचेत तेवढाच मावतो म्हणून.

क्रमाचंही तेच. तबकडीच्या बाहेरच्या कडेला आवाज खणखणीत येतो, सुई आत सरकत गेली की बिघडत जातो. म्हणून दणदणीत गाणी बाजूच्या सुरुवातीला आणि हळुवार शेवटाला ठेवण्याची पद्धत पडली. त्याला आपण ‘भावनिक प्रवास’ म्हणतो!

आणि मायकल जॅक्सनचा १९८२ चा ‘थ्रिलर’ घ्या. नऊ गाणी, त्यातली सात सुटी म्हणून बाजारात आली आणि सातही गाजली. सुटं ऐकून त्यांचं काय वाकडं झालं?

ता. क. पाणी प्यायचं ते शहाळ्याचं. गुहागरचे ना तुम्ही?

---

पडवीतला

शहाळ्याबद्दल कान पकडतो.

बाकी, माप बाहेरून आलं म्हणून आतला ऐवज खोटा ठरत नाही. ओवीला साडेतीनच चरण का, म्हणून ज्ञानेश्वरी बाजूला ठेवणार का? शेवटी हळुवार गाणं ठेवावं लागलं असेल, मान्य. कोणतं ठेवायचं ते तरी कोणीतरी ठरवलंच ना?

---

माजघरातून

मोबाइल माजघरात ठेवलात म्हणे. माजघरात कोण होतं?

टोमणा नाही, खरंच विचारते. त्रेचाळीस मिनिटं दोन्ही हात मोकळे ठेवून बसायचं, हा ऐकण्याचा ‘योग्य’ प्रकार ठरवला कोणी? ज्यांचा चहा जागेवर येतो त्यांनी. माझ्या आईने आयुष्यभर गाणी ऐकली ती रत्नागिरी आकाशवाणीवर, सोलं वाळत घालताना, कोळंबी सोलताना, पाट्यावर वाटण वाटताना. निम्मं कडवं पाट्याच्या आवाजात जायचं. तरी तिला चाली अशा पाठ की हरकत चुकली तर टोकायची.

क्रमाने ऐकणं मला मान्य आहे, एका बैठकीचा हट्ट नाही. गीतरामायण घ्या. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, आठवड्याला एक गाणं. व्हायची होती ५२, अधिकमास आला म्हणून ५६ झाली. वर्षभर लोक पुढच्या गाण्याची वाट बघत होते. मधल्या सात दिवसांत लग्नं झाली, बाळंतपणं झाली, भात लावून झाला. मराठीत याहून मोठा ‘अल्बम’ कोणता? आणि तो एका बैठकीत कोणीही ऐकलेला नव्हता. पुढे तबकड्या निघाल्या, त्यात सगळी पात्रं एकट्या बाबूजींच्या आवाजात. रेडिओवर माणिक वर्मा, ललिता फडके, वसंतराव देशपांडे अशी मंडळी होती. मग ‘अख्खं’ गीतरामायण नेमकं कोणतं?

आणि ज्या क्लेअर टोरीसाठी तुम्हाला रडू आलं, तिला त्या रविवारच्या कामाचे ३० पौंड मिळाले होते. गाण्याच्या कर्त्यांत नाव लागायला २००५ उजाडलं, तेही कोर्टात गेल्यावर. रडणं आणि गल्ला आधीपासूनच चिकटलेले होते हो. आमच्याकडेही बाराव्याच्या आधीच वाण्याची यादी होते.

---

चाकरमानी

+१ माजघरातून. शेवटचं वाक्य वाचून हसलो आणि मग गप्प बसलो.

आमच्या पिढीचा अल्बम म्हणजे भरून आणलेली कॅसेट. परळला एक दुकान होतं, कागदावर यादी लिहून द्यायची, आठवड्याने जायचं. साठ मिनिटांची कॅसेट, तीस-तीस. दुकानदार फार हिशेबी नव्हता, ‘ए’ बाजूचं शेवटचं गाणं दुसऱ्या कडव्यात खाट्‍कन तुटायचं. गणपतीला एसटीने गावी येताना मांडीवर टेपरेकॉर्डर, बॅटऱ्या संपत आलेल्या, कशेडी घाटात किशोरकुमारचा आवाज जाडा जाडा होत जायचा.

पुढे ते गाणं पूर्ण ऐकायला मिळालं. खरं सांगू? ते तिसरं कडवं मला अजून उपरं वाटतं. आणि किशोर संपला की लगेच ‘ॲबा’ या स्वीडिश बँडचं गाणं यायला हवं. दोघांचा काडीचा संबंध नाही, क्रम दुकानदाराने लावलेला. पण माझ्या कानात तोच बसलाय. धागाकर्त्याच्या न्यायाने हाही क्लासिक का नाही?

---

पडवीतला

तुमच्यासाठी आहेच. पण तो दुसऱ्या कोणाच्या हातात देता येत नाही. माझा मुद्दा तेवढाच. तबकडी काकाने ऐकली तशीच मला मिळाली.

---

रापणकर

बरा लिवलस, वाचूक मजा इली. पन एक इचारतय. तुझ्या ट्रंकेत कोळीगीतांची तबकडी आसतलीच. शांताबाईंचे शब्द, हृदयनाथांची चाल, लताबाई आणि हेमंतकुमार. गाणा ग्वाड, वाद नाय. पन डोलकर म्हंजे कोण, म्हायत आसा? डोल जाळ्याचो. भरती-ओहोटीच्या करंटात डोल बांधून ठेवतत, ता सगळा उत्तरेक, मुंबई-रायगडच्या बाजूक. आमच्या मालवणात रापण. अर्धो वाडो किनाऱ्यार उभो रवान दोरी ओढता. ओढताना जी हाळी घालतत ना, ता आमचा गाणा. ता खंयच्याच तबकडेर नाय. आमी गाबीत, हयचे मच्छीमार, पन बाहेरच्या माणसाक किनारो म्हटलो की त्या डोलकराचीच आठवण.

आता तू म्हणतस अख्खो अल्बम ऐक. अख्खो ऐकान पन माका आमचो समुद्र गावत नाय, तेचा काय करू?

---

सुई_अडकली

रापणकर, मुद्दा जोरदार, पण गाण्याने जनगणना करावी ही अपेक्षा जास्त होते. बोनी एममधला तो घोगरा पुरुषी आवाज स्टेजवर नाचणाऱ्या बॉबी फॅरेलचा नव्हताच, स्टुडिओत तो निर्माता फ्रँक फारियनने दिलेला. म्हणून ‘रास्पुतिन’ लागल्यावर कोणाचे पाय थांबले?

---

रापणकर

पाय नाय थांबणत. पन रशियात कोण ‘ह्या आमचा लोकगीत’ म्हणान ता वाजवणत पन नाय. हय वाजवतत.

---

भजनीबुवा

वाचत होतो, राहवेना म्हणून लिहितो. क्रम ही गोऱ्यांची देणगी आहे असा सूर दिसतोय. आमच्या भजनाला क्रम नाही? रूपाचा अभंग आधी, गौळण नंतर, भैरवी शेवटाला. सुरुवातीलाच भैरवी घेतली तर लोक चपला शोधायला लागतील. दशावतारातही आधी आडदशावतार, गणपती आणि संकासुर येऊन गेल्याशिवाय आख्यानाला हात नाही. त्यामुळे धागाकर्त्याशी सहमत.

आता असहमत. डबलबारीत समोरचा बुवा काय टाकतो ते बघून मला माझा गजर बदलावा लागतो. पावसाने मंडप गळायला लागला की अभंग आखडतो. क्रम हवाच, पण तो माणसं बघून हलला पाहिजे. तबकडीला समोर कोण बसलंय ते दिसत नाही. तुमच्या फ्लॉइडवाल्यांनी पागोळ्यांचा आवाज ऐकला असता तर ते ठोके नक्की मोठे केले असते.

---

माजघरातून

बुवा, हे आवडलं.

धागाकर्ते, एक राहिलं. काका वर्षातले बरेच महिने बोटीवर. तेव्हा त्या तबकड्या कोण वाजवत होतं?

---

पडवीतला

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. काल ठाण्याला काकूला फोन केला.

फ्लॉइडला ती ‘ते घड्याळंवालं’ म्हणते. त्यातली घड्याळं एकदम वाजली आणि पाळण्यातला माझा चुलतभाऊ किंचाळत उठला, तेव्हापासून तिने ती तबकडी ट्रंकेच्या तळाशी घातली. ‘शिवकल्याण’ काका असतानाच लागायची. तो नसताना ती लावायची बोनी एम. दुसरी बाजू, पहिलं गाणं. ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’. तेवढंच. ते संपलं की सुई उचलायची, कारण तोवर भाताला आधण आलेलं असायचं.

फोन ठेवल्यावर तबकडी दिव्याखाली धरली. दुसऱ्या बाजूची बाहेरची कड झिजून राखाडी झाली आहे, बोटभर पट्टा. आतला भाग नवाकोरा. मी ती ऐकली तेव्हा त्या गाण्यातली खरखर बुरशीची असेल असं समजून दोनदा पुसली होती.

त्या गाण्यात काय आवडायचं, असंही विचारलं. म्हणाली, “इंग्लिश मला काय कळतंय? पण आरतीसारखं वाटायचं.”

---

सुई_अडकली

आरतीच आहे हो. बायबलमधलं १३७ वं स्तोत्र. गाव सुटलेली माणसं नदीकाठी बसून रडतात, ते. बोनी एमच्या आधी, १९७० साली जमैकातल्या मेलोडियन्सनी ते गायलं होतं. काकूंना सांगा.

---

पडवीतला

सांगितलं. म्हणाली, मग मी काय वेगळं म्हटलं? आणि गणपतीला येईन तेव्हा तबकडी बाहेर काढून ठेव, पुसू नको म्हणाली.