पात्राच्या नावाने खाते उघडताना ‘हे काल्पनिक आहे’ असे लिहावे का?

तळ्याकाठची (धागाकर्ती):
डिचोलीच्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेची गोष्ट आमचा लहानसा लेखनगट पुस्तकाऐवजी ब्लॉग, फेसबुक आणि इन्स्टाग्राम यांवरून सांगणार आहे. मनोरमाबाई हे पात्र सर्वस्वी कल्पित आहे. ब्लॉगवर बाई स्वतः सविस्तर लिहितील, फेसबुकवर जुन्या विद्यार्थ्यांशी बोलतील, आणि पणजीत नोकरी करणारी त्यांची भाची इन्स्टाग्रामवर जे टाकील ते बाईंच्या लिखाणाशी नेहमी जुळणार नाही. गोष्टीचा जीव या न जुळण्यातच आहे. वडिलोपार्जित घर विकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, असे बाई ब्लॉगवर ठासून लिहितात, आणि त्याच संध्याकाळी भाचीच्या स्टोरीत तुळशीवृंदावनामागे टेप धरून अंगण मोजणारी दोन माणसे दिसतात. ही विसंगती कोणी दाखवून न देता वाचकाला स्वतः सापडली, तर तो त्या घराच्या व्यवहारात ओढला जातो.

म्हणूनच खात्यावर ‘काल्पनिक’ अशी पाटी लावू नये, असे माझे मत आहे. २००६ च्या जूनमध्ये युट्यूबवर ‘लोनलीगर्ल१५’ या नावाने ब्री ही मुलगी आपल्या खोलीतून बोलू लागली आणि ती अभिनेत्री असल्याचे सप्टेंबरमध्ये उघड झाले, तरीही ती मालिका २००८ पर्यंत चालली. ब्रीविषयी प्रेक्षकांना सुरुवातीला जो आपलेपणा वाटला, तो पाटी असती तर वाटला नसता.

साखळीचा वाचक:
पूर्णतः असहमत. तुम्ही २००६ चे उदाहरण दिलेत, मी २०११ चे देतो. दमास्कसमधील अमिना नावाची समलिंगी तरुणी सीरियातील उठावाविषयी ब्लॉग लिहीत होती. जूनमध्ये तिला सशस्त्र माणसांनी उचलून नेल्याची नोंद त्या ब्लॉगवर आली आणि तिच्या सुटकेसाठी जगभर मोहीम सुरू झाली. प्रत्यक्षात अमिना नव्हतीच. स्कॉटलंडमध्ये शिकणारा एक अमेरिकन पुरुष ते लिहीत होता, आणि तिचे म्हणून दाखवलेले फोटो लंडनमधील एका स्त्रीचे, तिच्या नकळत घेतलेले होते. खरा धोका पत्करून सीरियात काम करणाऱ्यांना या प्रकाराचा संताप आला, आणि तो रास्तच होता.

गोव्यात तर हे अधिकच जपून करायला हवे. डिचोलीची निवृत्त शिक्षिका म्हटली, की त्या कोणत्या शाळेत होत्या आणि कोणाच्या घरच्या, हे दोन फोनमध्ये विचारून होते. उद्या चतुर्थीला तुम्ही बाईंच्या घरची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळापानांची चौकट, म्हणून फोटो टाकाल, आणि त्यातले सुपारीचे घोस, तोरिंजन आणि मागच्या भिंतीवरची तसबीर पाहून कोणीतरी म्हणेल, की ही तर आमच्या मावशीच्या घरची माटोळी. मग त्या मावशीच्या दारात घराचे गिऱ्हाईक उभे राहिले, तर उत्तर कोण देणार?

पेडण्याहून:
माझा या प्रकाराला पाठिंबा आहे, पण पाटी हवीच. आमच्या भागात जत्रेला दशावतारी काला होतो तेव्हा आधी सूत्रधार येतो, गणपती येतो, संकासुर येतो आणि मग आख्यान लागते. समोर राजाच्या वेशात उभा असलेला माणूस दिवसा शेतात किंवा दुकानात असतो, हे प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक असते. तरीही हरिश्चंद्राच्या आख्यानात बायका पदराने डोळे टिपतात. त्यामुळे पाटी लावली की आपलेपणा जातो, हे धागाकर्तीचे गृहीतक मला मान्य नाही.

उलट या नटांकडून तुमच्या गटाने वेगळी गोष्ट शिकावी. त्यांचे संवाद लिहिलेले नसतात, आख्यानाचा आराखडा ठरलेला असतो आणि समोरच्याने टाकलेल्या वाक्याला वेशातूनच तत्काळ उत्तर द्यावे लागते. फेसबुकवर एखाद्याने ‘बाई, तुम्ही आम्हाला कधी मारले नाही’ असे लिहिले, तर मनोरमाबाईंच्या स्वभावात राहून उत्तर देणारा माणूस तुमच्याकडे आहे का? खरे कसब तिथे आहे, लपवालपवीत नाही.

कायद्याचा विद्यार्थी:
थोडक्यात एक मुद्दा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ मध्ये तोतयेगिरी करून फसवणूक करण्याचा गुन्हा आहे, आणि ज्या व्यक्तीचे सोंग घेतले ती खरी असो वा काल्पनिक, गुन्हा घडतो, असे त्याच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. नुसती गोष्ट सांगणे म्हणजे फसवणूक नव्हे; मात्र बाईंच्या आजारपणासाठी कोणी पैसे पाठवले आणि ते तुम्ही ठेवून घेतले, तर ‘बाई अस्तित्वातच नाहीत’ हा बचाव चालणार नाही.

म्हादईकाठ:
पाटीपेक्षा मला वेगळीच काळजी वाटते. माझ्या आईसारखा वाचक इन्स्टाग्रामवर नाही, आणि तिथली स्टोरी २४ तासांत दिसेनाशी होते; म्हणजे अंगण मोजणारी माणसे तिला कधीच दिसणार नाहीत. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झाले, गूगल प्लस २०१९ मध्ये, आणि तिथे लिहिलेले बहुतेक सारे त्यांच्यासोबत गेले. नॉर्वेच्या सार्वजनिक वाहिनीने ‘स्काम’ ही मालिका सांगताना पात्रांचे छोटे प्रसंग ज्या वेळी घडतात त्याच वेळी संकेतस्थळावर टाकले, पात्रांची इन्स्टाग्राम खाती चालवली, आणि आठवड्याचे प्रसंग शुक्रवारी एकत्र जोडून दाखवले. तुम्हीही दर रविवारी ब्लॉगवर सर्व धागे तारीखवार एकत्र करा.

तळ्याकाठची:
रविवारची मांडणी आम्ही नक्की करू, आणि माटोळीच काय, कोणत्याही घराचा फोटो परवानगीशिवाय घेणार नाही. पैशांचा उल्लेख कथेत येणारच नाही. खात्याच्या परिचयात ‘काल्पनिक पात्र’ हे दोन शब्द घालण्यासही मी तयार आहे, परंतु प्रत्येक पोस्टवर ते लिहिण्यास माझा विरोध कायम आहे. बाई दुःखाने काही सांगत असताना खाली सूचना आली, की वाचक बाईंना सोडून लेखकाकडे पाहू लागतो. पेडण्याचा सूत्रधारसुद्धा आख्यान रंगात आल्यावर मध्ये येऊन, हा खरा राजा नव्हे, असे सांगत नाही.

साखळीचा वाचक:
सूत्रधाराला मध्ये यावे लागत नाही, कारण काल्याचा प्रेक्षक सुरुवातीपासून मांडवात बसलेला असतो. तुमची पोस्ट स्क्रीनशॉट होऊन व्हॉट्सॲपवर जाते, आणि तिच्यासोबत खात्याचा परिचय जात नाही. बाकीच्या पोस्टविषयी मी हट्ट धरणार नाही. परंतु बाई आजारी पडल्या, बेपत्ता झाल्या किंवा घरावर जप्ती आली, असे जिथे लिहाल, तिथे ‘काल्पनिक’ हा शब्द चित्राच्या आतच छापलेला असावा, एवढे मान्य करा.