आता नसलेलं आमच्या गावातलं दुकान: तुमचे अनुभव लिहा

मुंबईतलं गाण्यांच्या कॅसेट-सीडीचं रिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं, फोर्टातला स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ मध्ये, दादरचं चित्रा टॉकीज २०१९ मध्ये. प्रत्येक वेळी पेपरात बातमी आली, फोटो आले, मोठमोठ्या लोकांनी हळहळून लेख लिहिले. ठीकच आहे, ती दुकानं होतीच तशी. पण गावागावातल्या सायकल मार्टची, कॅसेटवाल्याची, वखारीची बातमी कोण छापणार? एक दिवस शटर उघडत नाही, चार महिन्यांनी तिथे मोबाईल कव्हरचं दुकान येतं आणि आपल्याला आधी तिथे काय होतं तेच आठवेनासं होतं. म्हणून हा धागा. विनंती एकच, नुसतं "काय दिवस होते ते" असं लिहून पळू नका. दुकानात काय असायचं, पैसे कसे द्यायचे, बंद का पडलं, हे सगळं येऊ द्या.

सुरुवात मीच करतो. साताऱ्यात आमच्या आळीच्या तोंडाशी भाड्याने सायकली द्यायचं दुकान होतं. सायकलींच्या मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर घातलेले आणि आम्हा पोरांना प्रत्येक नंबरचा स्वभाव पाठ. सातचा ब्रेक लागत नाही, अकराची चेन पडते, चार सगळ्यात भारी पण ती कायम कोणीतरी आधीच नेलेली. तासाला चार आणे. डिपॉझिट वगैरे काही नाही, फक्त "कुणाचा रे तू?" असं विचारायचे आणि वडिलांचं नाव सांगितलं की वहीत वेळ लिहायचे. ती वेळ त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाची, आणि ते घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे अशी आमची सगळ्यांची पक्की खात्री होती. साताऱ्याचे चढ ज्यांना माहितीयत त्यांना कळेल, उतारावर मजा करायची आणि तास संपत आला की चढावर सायकल ढकलत पळायचं, कारण तासावर थोडा जरी उशीर झाला तरी पुढच्या अर्ध्या तासाचे पैसे. पुढे घराघरात लुना आली, मग स्कूटर, मग पोरांना दहावीला नव्या सायकली मिळायला लागल्या. मालक बरीच वर्षं नुसती पंक्चर काढत बसायचे. आता तिथे झेरॉक्स आहे.

*

आम्ही नाशिकचे. आमच्याकडे दुकान नव्हतं पण धंदा होता, तोही गेलाच म्हणून लिहिते. कल्हईवाला. दिवाळीच्या आधी वाड्याच्या दारात यायचा, जमिनीत खड्डा करून त्यात कोळसे, बाजूला चामड्याचा भाता. त्याच्याबरोबरचा पोरगा भाता मारायचा आणि आम्हाला तो मारायला मिळावा म्हणून आम्ही त्याला चिवडा आणून द्यायचो. पातेलं लालभडक होईपर्यंत तापवायचं, मग नवसागराची पूड टाकायची, त्याबरोबर पांढऱ्या धुराचा असा लोट उठायचा की डोळ्यांतून घळाघळा पाणी. लगेच कथलाची कांडी आत टेकवायची, ती वितळली की कापसाच्या बोळ्याने गरागरा फिरवायची, आणि काळंकुट्ट पातेलं आमच्या डोळ्यांदेखत चांदीसारखं व्हायचं. शेवटी पाण्यात बुडवलं की चर्रर्र! आई प्रत्येक भांडं उन्हात धरून आतून बघायची, कुठे एक ठिपका राहिला तरी परत करायला लावायची आणि तो कुरकुर करत करायचा. भाव भांड्याच्या आकारावर, आणि घासाघीस झाल्याशिवाय कुणालाच बरं वाटायचं नाही.

स्टील आलं आणि हिंडालियम आलं, मग कल्हई कशाला लागतेय. गंमत म्हणजे आता माझ्या सुनेने ऑनलाईन पितळेचं पातेलं मागवलंय, आरोग्याला चांगलं म्हणून. आतली कल्हई उडाली तर काय करायचं म्हणून विचारत होती. आंबट काही करू नकोस एवढंच सांगितलं.

*

माझी आजी लालबागला खानावळ चालवायची. खानावळ म्हणजे पाटीबिटी नाही, चाळीतली एकच खोली. माणसं सगळी आमच्याच गावाकडची, बायकापोरं गावी आणि हे गिरणीत, रात्री आठ-दहा जण मिळून गाळ्यात झोपायचे आणि जेवायला आजीकडे. गिरणीच्या तीन पाळ्या म्हणजे आजीच्याही तीन पाळ्या. पहिल्या पाळीचे सकाळी निघायच्या आत डबा न्यायचे, तिसरी पाळी सुटली की ती माणसं सकाळी सकाळी ताटावर हजर, त्यांना तेव्हा चहा नाही, भातच पाहिजे. एका वेळेला चार ताटं मावायची, बाकीचे गॅलरीत कठड्याला टेकून थांबायचे. रविवारी मटण, आणि कोणाला किती फोडी गेल्या यावरून दर रविवारी भांडण. आजी पळी हातात धरून एकच वाक्य बोलायची, "गिरणीत बोनससाठी भांडा, माझ्या चुलीपाशी नको." झालं, सगळे गप.

पैसे महिन्याने, पगार झाला की. त्यामुळे महिनाभराचा किराणा आजीला उधारीवर भरावा लागायचा आणि वाणी त्यावर व्याज लावायचा. अशा खानावळवाल्या बायका गिरणगावात शेकड्यांनी होत्या. त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, आजीलाही त्यातूनच कर्ज मिळालं होतं आणि तो कागद तिने गणपतीच्या फोटोमागे ठेवला होता. बँकेत सही करायची म्हणून माझ्या आत्याकडून नाव लिहायला शिकली.

मग १८ जानेवारी १९८२. संप महिना दोन महिन्यांत मिटेल असंच सगळे धरून चालले होते. सुरुवातीला आजीने जेवण चालू ठेवलं, "पगार झाला की द्या" म्हणून. पगार होणारच नव्हता. एकेक जण गावी जायला लागला, जाताना काहीजण सांगून गेले, काहीजण तोंड कसं दाखवायचं म्हणून रात्रीच गेले. आजीने त्यांना कधी नावं ठेवली नाहीत, वाण्याला मात्र मरेपर्यंत ठेवली. तो संप तर अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. आजीने पुढे पोळ्या लाटून दिल्या, मसाले कुटून दिले, पण खानावळ बंद ती बंदच. चाळीच्या जागी आता टॉवर आहे, खाली सिक्युरिटीवाला नाव-नंबर लिहून घेतल्याशिवाय आत सोडत नाही.

*

वरचं वाचून सुन्न व्हायला झालं. मी जरा हलकं लिहितो.

परभणी. व्हिडिओ लायब्ररी. व्हीसीआर, कलर टीव्ही आणि तीन कॅसेटी एका रात्रीच्या भाड्याने, सगळं हातगाड्यावरून यायचं. वर्गणी काढायची, ज्याचं घर मोठं त्याच्याकडे जमायचं, आणि पैसे दिलेत तर तिन्ही पिक्चर बघायचेच म्हणून पहाटेपर्यंत डोळे ताणून बसायचं. तिसऱ्या पिक्चरचा शेवट मी आजपर्यंत एकाचाही पाहिलेला नाही. मधेच पडद्यावर मुंग्या आल्या की लायब्ररीवाल्याला उठवून आणायचं, तो झोपेतच झाकण उघडून हेड पुसायचा आणि परत निघून जायचा. कॅसेट रिवाइंड न करता परत दिली तर दंड. केबल आली आणि संपलं सगळं, एका वर्षात. त्याने मग केबलचाच धंदा चालू केला. हुशार माणूस!

*

लातूर, एसटीडी बूथ. पिवळा बोर्ड, आत काचेची खोकी, त्यात एक गरगरणारा छोटा पंखा आणि समोर लाल आकडे पळणारं मशीन. बोलताना नजर आकड्यावर, म्हणून आमच्या घरात अजूनही सगळे फोनवर भरभर बोलतात. रात्री अकरानंतर पाव दर, त्यामुळे दिवसापेक्षा रात्री गर्दी जास्त. पुण्याला शिकणारी पोरं, दुबईला गेलेला नवरा, सगळ्यांचं सगळं बाहेर बसलेल्यांना ऐकू यायचं, कारण लाईन खराब असली की माणूस ओरडूनच बोलणार. गावात कोणाची सोयरीक मोडली हे बूथवाल्याला नवरीच्या बापाआधी कळायचं असं आमचे काका म्हणायचे.

पण मला आठवतो तो ३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या सुमाराला सगळं हाललं, आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर. उजाडेपर्यंत किल्लारीकडचं कळायला लागलं होतं. बूथपुढे ही रांग! लाईन लागत नव्हती, लागली तर मधेच तुटत होती, लोक नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या मुठीत धरून उभे. बूथवाल्याने एक नियम केला, एकाने फक्त "आम्ही बरे आहोत" एवढं सांगायचं आणि बाहेर यायचं. कोणी जास्त बोललं की तो काचेवर नाणं वाजवायचा. पैसे त्या दिवशी त्याने कुणाकडे मागितले नाहीत, ज्याने दिले त्याचे घेतले. मोबाईल आल्यावर आधी रिचार्ज कूपनं विकायचा, नंतर तेही गेलं. आता शेती बघतो.

*

सगळे इतकं गोड गोड लिहिताय म्हणून थोडी लिंबाची फोड. आमच्या गावातलं किराणा दुकान (गावाचं नाव सांगत नाही, नातेवाईक वाचतात) बंद झालं तेव्हा आमच्या आईने पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. सुट्टे नाहीत म्हणून कायम गोळ्या. वजन करताना काटा स्थिर व्हायच्या आत पुडी बांधलेली. डाळीत खडे, रव्यात सोनकिडे, परत न्यायला गेलं की "आमच्याकडचं नाही हे". उधारी असेल तर सगळ्यांसमोर मोठ्याने आठवण, आणि तीही बायकांनाच, पुरुषांना नाही. आज मी मॉलमध्ये जाते, पाकिटावरची तारीख बघते, कोणाला "कुणाची गं तू" सांगावं लागत नाही, मला तेच बरं वाटतं. पेपरमिंटच्या गोळ्या तेवढ्या छान होत्या, खरं सांगायचं तर.

*

वरच्या ताई, तुमचं पटलं पण मी काउंटरच्या आतल्या बाजूची आहे, म्हणून लिहिते. बार्शीत आमचं किराणा दुकान होतं, आजोबांनी चालू केलेलं. काट्याचं म्हणाल तर वजनमापेवाले येऊन वजनांवर शिक्का मारून जायचे, तो शिक्का अण्णा, म्हणजे आमचे वडील, गिऱ्हाइकाला मुद्दाम दाखवायचे. काटा स्थिर व्हायच्या आत पुडी मात्र तेही बांधायचे, खोटं कशाला बोलू, पण मुठीने थोडं वर टाकून.

शाळेतून आलं की माझं काम पुड्या बांधायचं. पेपराचा चौकोन, त्याचा कोन, माल ओतायचा, तोंड दुमडायचं आणि छताला टांगलेल्या रिळाचा दोरा ओढून दोन वेढे, झटका देऊन तोडायचा. तो झटका जमायला मला पूर्ण उन्हाळ्याची सुट्टी लागली, बोटं कापायची. गुळाची ढेप फोडायचं काम भावाचं, कारण त्यात खायला मिळायचं. गोडेतेल डब्यातून मापाने, लोक घरून बाटली आणायचे आणि बाटलीला बाहेरून लागलेला थेंबसुद्धा बोटाने निपटून आत घालायचे. शेतकरी गिऱ्हाईक सगळं वहीवर, सुगी झाली की हिशोब. पाऊस नाही पडला तर वही पुढच्या वर्षावर. अण्णा आभाळ बघायचे ते आमच्या शेतासाठी नाही, आम्हाला शेतच नव्हतं.

बंद मॉलमुळे नाही झालं. बार्शीत मॉल नव्हताच तेव्हा. आधी सगळं पाकिटात यायला लागलं, त्यावर छापील किंमत, म्हणजे कमाई किती ते कंपनी ठरवणार. सुट्ट्या मालात चार पैसे सुटायचे ते गेले. मग नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी, आमचं सगळं रोखीचं, ते दोन महिने गल्ल्यात बघवत नव्हतं. पुढच्या जुलैत जीएसटी. अण्णांना हिशोब तोंडपाठ पण कॉम्प्युटरवर कोण बसणार, भाऊ हिंजवडीला, मी लग्न होऊन सोलापूरला. आम्ही दोघांनीच त्यांना बंद करा म्हणून सांगितलं आणि त्यांनी एकदाही वाद घातला नाही, त्याचंच मला जास्त लागलं. माल होता तो खरेदीच्या भावात काढला. तागडी मी आणली, शोकेसमध्ये ठेवा म्हणाली नणंद, मी त्यात कांदे-बटाटे ठेवते.

*

ताई, उधारी वसूल झाली का हो शेवटी?

*

निम्म्याहून जास्त झाली. दुकान बंद होतंय कळल्यावर खेड्यावरची माणसं आपणहून आली, काहींनी रोख दिले, काहींनी पैशांच्या ऐवजी शाळूची पोती आणून टाकली, ती आम्ही, दोन्ही मावश्या आणि वरच्या मजल्यावरचे भाडेकरू मिळून वर्षभर खात होतो. सगळ्यात मोठी बाकी गावातल्या एका पगारदार माणसाची आहे. तो अजून रस्त्यात भेटला की अण्णांच्या पाया पडतो आणि विषय पावसावर नेतो. वही अजून आहे, आई म्हणते रद्दीत घाला, अण्णा देत नाहीत.